बडोद्याहून जर्मनीला शिकायला जाताना: देवघर, उपवास, गणपती आणि सुतक

दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर अशा भागांतल्या मराठी घरांतून बरीच मुलंमुली जर्मनीला मास्टर्ससाठी जातात. व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाचे पैसे आगाऊ भरून ठेवायचं बँक खातं), विमा यांची माहिती कन्सल्टंट देतो. घरच्या देवाचं, चतुर्थीचं, गणपतीचं तिथे काय करायचं हे मात्र आजी निघायच्या आदल्या आठवड्यात विचारते, आणि नेमकं उत्तर कोणाकडेच नसतं. हा लेख त्यासाठी आहे. घरी देवपूजा होते आणि ती सुटू नये असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना समोर ठेवून तो लिहिला आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी: कागदावर तीन रकाने

आई-वडिलांबरोबर बसून एका कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात रोज करायच्या गोष्टी, दुसऱ्यात वर्षातून ठरावीक वेळी करायच्या, आणि तिसऱ्यात ज्या बडोद्यातच घरचे करतील त्या.

पहिला रकाना दहा मिनिटांत संपेल इतकाच ठेवा. दिवा, नमस्कार, एक स्तोत्र किंवा एक माळ जप, एवढं पुरे. याचं कारण व्यवहारातलं आहे. डिसेंबरात बर्लिनला सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो. न्हाणीघर सामायिक असतं, आणि तासाला जाताना बाहेर काळोख असतो. षोडशोपचार पूजा आणि वर दोन स्तोत्रं असा संकल्प करून गेलेल्यांचा नेम बहुधा नोव्हेंबरात तुटतो. मग अपराधी वाटतं आणि साधा नमस्कारही सुटतो. लहान नेम टिकतो, आणि टिकलेला नेम पुढे वाढवता येतो.

तिसऱ्या रकान्यात कुळाचार लिहा: बोडण, नवरात्रातले घट, महालक्ष्म्या, श्राद्ध. घरी आई-वडील हे करत आहेत तोवर शिकायला गेलेल्या मुलावर त्याचा वेगळा भार नाही, असं बहुतेक घरांत मानतात. तुमच्या घरची रीत वेगळी असेल तर गुरुजींना आत्ताच विचारा. परदेशात गेल्यावर अशा शंका रात्री दोन वाजता सतावतात.

बॅगेत काय जातं, काय जात नाही

कापूर नेऊ नका. तो ज्वलनशील पदार्थात मोडतो, म्हणून केबिन बॅगेत चालत नाही आणि चेक-इनमध्येही चालत नाही. आगपेटीही सामानात भरू नका. सुकं खोबरं भारतातल्या विमानतळांवर चेक-इन सामानात चालत नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. उदबत्ती चालते. गंगाजल सीलबंद असेल तर चेक-इनमध्ये टाका. हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वरची बाटली काढून घेतात.

युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खवा, घरचं तूप हे सगळं त्यात आलं. आईने तुपाचा डबा कितीही प्रेमाने भरला तरी तो ठेवून जा. तिथे तूप करणं सोपं आहे, पुढे सांगितलं आहे. पार्सललाही हाच नियम लागू असतो, तेव्हा दिवाळीला घरून चिवडा-चकली मागवा, खव्याची मिठाई नको. घरच्यांनी भेट म्हणून पाठवलेल्या ४५ युरोपर्यंतच्या पार्सलवर जकात लागत नाही. डब्यावर खरी किंमत आणि आतल्या वस्तूंची यादी लिहायला सांगा.

ताजी तुळस, बेल, दूर्वा, विड्याची पानं, कढीपत्ता, फुलं, तुळशीचं बी हे सगळं वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. नारळाला मात्र या नियमातून सूट आहे. पण तोही तिथल्या आशियाई दुकानात मिळतो, त्यामुळे वजन वाया घालवू नका.

मूर्तींबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं किंवा टाक खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथीला ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पणजोबांच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण किंवा खंडोबाचा टाक बरोबर नेऊ नका. मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानातून दोन-तीन इंची नवीन पितळी मूर्ती घ्या, पावती जपून ठेवा, आणि घरच्या देवांजवळ एक दिवस ठेवून मग न्या. धातूच्या वस्तू चेक-इनमध्ये टाका. त्रिशूळासारखं टोकदार काही सुरक्षा तपासणीत अडवतात.

बाकी नेण्यासारखं: हळद-कुंकू, अष्टगंध, अक्षतांपुरते तांदूळ, लहान ताम्हन, पळी, निरांजनाऐवजी बॅटरीवरचा दिवा, आणि घरच्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेली आरती. ही शेवटची वस्तू वजनात शून्य असते आणि सर्वांत जास्त वापरली जाते.

पहिले पंधरा दिवस: धर्माचा रकाना आणि वसतिगृहाचे नियम

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्या अर्जात बऱ्याच ठिकाणी धर्माचा रकाना असतो आणि आपली मुलं तिथे गोंधळतात. तो रकाना तुमच्या श्रद्धेबद्दल विचारत नाही. सरकारमार्फत कर गोळा करणाऱ्या धर्मसंस्थांचे, म्हणजे मुख्यतः कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चचे, तुम्ही सभासद आहात का, एवढंच त्याला हवं असतं. हिंदू विद्यार्थ्याने ‘सभासद नाही’ किंवा ‘इतर’ हा पर्याय निवडावा. असं लिहिल्याने कोणी धर्म सोडत नाही. समोर दिसला म्हणून चर्चचा पर्याय निवडलात, तर पुढे नोकरी लागल्यावर आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च-कर पगारातून कापला जाईल (बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये ८, बाकी राज्यांत ९) आणि तो थांबवण्यासाठी पुन्हा कार्यालयात खेपा घालाव्या लागतील.

वसतिगृहाच्या खोलीत छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. खाली तीन उदबत्त्या लावल्या तर ते वाजू शकतं. काही इमारतींत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेलं असतं, आणि खोट्या इशाऱ्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. यंत्रावर पिशवी बांधणं हा उपाय कोणी सुचवला तर ऐकू नका. रात्री खरी आग लागली तर पूर्ण मजला त्या पिशवीमुळे झोपेत राहील. बहुतेक वसतिगृहांत उघड्या ज्योतीला मनाई असते. करार वाचा, मनाई असेल तर बॅटरीचा दिवा लावा आणि सुगंधासाठी मूर्तीला अष्टगंध किंवा अत्तराचा थेंब लावा.

देवघरासाठी जागा शोधताना हीटरच्या वरची कड टाळा, तिथे लाकडी पाट वाकतो. पुस्तकांच्या कपाटाचा डोळ्यांच्या उंचीचा कप्पा सर्वांत सोयीचा. पूर्व-पश्चिम जमली तर उत्तम. नाही जमली तर खोलीच्या रचनेशी भांडत बसू नका.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. घंटा वाजवायची तर हलकी, आणि या वेळा सोडून.

पंचांग: तारीख एक, तिथी वेगळी

जर्मनीचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. तिथी जगभर एकाच क्षणी लागते, पण दिवसाची तिथी ठरते स्थानिक सूर्योदयावर. समजा जूनमध्ये एखाद्या दिवशी एकादशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ७ वाजता लागली. बडोद्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवून गेला, म्हणून तिथे त्या दिवशी दशमी आणि एकादशी दुसऱ्या दिवशी. बर्लिनमध्ये सूर्योदय पावणेपाचला, म्हणजे भारतातले सव्वाआठ. तोवर एकादशी लागलेली असते. तिथल्या पंचांगात ती एक दिवस आधी दिसेल. दोन्ही बरोबर आहेत.

पंचांगाच्या ॲपमध्ये गाव बदललं नाही की घोळ होतो: तारीख जर्मनीची आणि वेळ बडोद्याची. आधी गाव बदला. मग ठरवा की एकादशी, प्रदोष घरच्यांबरोबर करायचे की स्थानिक पंचांगाने. दोन्ही रीती लोक पाळतात. वर्षभर एकच धरा, म्हणजे दरवेळी शंका येणार नाही. आमचं मत असं की आई ज्या दिवशी उपवास करते त्याच दिवशी केलेला उपवास निभावायला सोपा जातो.

संकष्टीला मात्र चंद्र समोरचाच बघायचा. उन्हाळ्यात तिथे कृष्ण चतुर्थीचा चंद्रोदय मध्यरात्रीच्या आसपास होतो, आणि ढग असले तर दिसतही नाही. ॲपमधली चंद्रोदयाची वेळ धरून उपवास सोडा. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा किंवा प्रयोगशाळेत काम असेल तर फलाहार करून वेळेवर झोपणं योग्य. साडेबारापर्यंत उपाशी जागून ॲसिड हाताळणं धोक्याचं आहे.

उपवासाचं सामान आणि शाकाहाराच्या पाट्या

साबुदाणा भारतीय दुकानातलाच घ्या. व्हिएतनामी किंवा थाई दुकानात मिळणारे टॅपिओकाचे पांढरे दाणे तसेच दिसतात, पण भिजवल्यावर अनेकदा त्यांची पेस्ट होते, कारण ते आपल्यासारखे भाजून-वाफवून तयार केलेले नसतात. चमचाभर दाणे जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात दोन तास ठेवून बघा. दाणा अखंड फुगला तर खिचडी, विरघळला तर तो उकळत्या दुधात टाकून खीर.

भगर शोधताना बडोदेकरांना अडचण येत नाही, कारण पाकिटावर ‘मोरैयो’ किंवा ‘सामो’ लिहिलेलं असतं आणि ते नाव आपल्याला खंडेराव मार्केटपासून माहीत असतं. राजगिरा जर्मन सेंद्रिय दुकानांत ‘अमरांट’ नावाने मिळतो. रताळी आणि बटाटे कुठेही. शेंगदाणे बिनमिठाचे आहेत ना ते बघून घ्या. बहुतेक पाकिटं खारवलेली असतात.

आपल्याकडचा शाकाहाराचा हिरवा ठिपका तिथे नसतो. पाकिटांवर हिरव्या बाणांचं एक गोल चिन्ह दिसतं, ते वेष्टनाच्या पुनर्वापराच्या व्यवस्थेचं आहे. सॉसेजच्या पाकिटावरही ते असतं. शाकाहारासाठी पिवळ्या-हिरव्या ‘व्ही’ची खूण बघा. तिथल्या ‘व्हेगेटारिश’मध्ये अंडं असू शकतं, अंडं खात नसाल तर ‘व्हेगान’ घ्या किंवा घटकांत ‘आय’ हा शब्द शोधा. आणखी शब्द पाठ करा: ‘गेलाटीने’ (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं) स्वस्त गोड दह्यांत आणि गोळ्यांत असतं, ‘श्मालत्स’ म्हणजे चरबी, ‘श्पेक’ म्हणजे डुकराचं मांस, ‘रिंट’ म्हणजे गाय-बैलाचं, ‘लाब’ म्हणजे चीज विरजायचं द्रव्य. लाब वासराच्या जठरातलंही असतं आणि सूक्ष्मजीवांपासून केलेलंही. पाकिटावर ‘मिक्रोबिएल’ लिहिलं असेल तर ते दुसरं. खरं इटालियन पार्मेजान नेहमी वासराच्या द्रव्यानेच करतात.

आता तूप. २५० ग्रॅम बिनमिठाचं लोणी घ्या, सुमारे २०० ग्रॅम तूप निघतं. दुकानात लोण्याचे प्रकार असतात. ‘झाउअररामबुटर’ घ्या, ते विरजलेल्या सायीचं असतं आणि त्याचं तूप घरच्या चवीच्या सर्वांत जवळ जातं. जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं कढवा. फेस बसून तळाशी बेरी बदामी होऊ लागली की भांडं उचलून बाजूला ठेवा. नुसतं बटण बंद करून चालत नाही: काचेची विजेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि बेरी करपते.

गणपती

मूर्ती बडोद्याहून नेऊ नका. प्रवासात सोंड किंवा हात तुटतो, आणि तुटलेली मूर्ती बसवायची कशी हा प्रश्न चतुर्थीच्या आदल्या रात्री पडतो. तिथेच करा.

हस्तकलेच्या दुकानात किंवा कुंभारकामाचं सामान मिळतं तिथे ‘टोन’, म्हणजे माती, मागा. ‘हवेत वाळणारी’ अशी जाहिरात असलेली माती नको. तिच्यात बऱ्याचदा धागे आणि गोंद असतो, ती पाण्यात विरघळत नाही. भट्टीत भाजायची साधी, बारीक माती घ्या आणि भाजू नका. एक किलोत सुमारे १२ सेंटिमीटरची मूर्ती होते. चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी सुरुवात करा.

आधी पाट, मग मांडी घातलेलं बैठं धड आणि पोट एकाच गोळ्यातून काढा. डोकं, हात, कान, सोंड वेगळी करून जोडा. जोडताना दोन्ही बाजूंना काट्याने चरे पाडा आणि मध्ये मातीचा पातळ चिखल लावा; हा चिखल विसरला की वाळताना कान गळून पडतो. सोंड पोटाला टेकलेली ठेवा, अधांतरी सोंड टिकत नाही. पहिले दोन दिवस ओलसर पातळ फडकं पांघरा, नंतर उघडी, सावलीत. खिडकीच्या उन्हात ठेवली तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि पोटावर भेग जाते. बारीक भेग चिखलाने बुजवा.

मूर्ती पूर्ण वाळली की रंग फिका होतो आणि हाताला गार लागत नाही. विसर्जनासाठी हे महत्त्वाचं आहे: पूर्ण वाळलेली माती पाण्यात काही तासांत ढासळते, अर्धवट ओली माती तशीच बसून राहते. रंगासाठी हळद आणि कुंकू पुरे.

उकडीसाठी थाई पिठाचं पाकीट घेत असाल तर ते चिकट तांदळाचं नाही ना, हे वाचा. त्या पिठाची उकड हाताला आणि साच्याला चिकटते, पारी होतच नाही. साधं तांदळाचं पीठ एक वाटी, पाणी एक वाटी, चमचाभर तूप, चिमूट मीठ. पीठ उकळत्या पाण्यात घालून झाकण ठेवा, दहा मिनिटांनी गरम असतानाच मळा. खवलेला नारळ आशियाई दुकानात गोठवलेला मिळतो. सारण करण्याआधी त्यातलं पाणी आटवा. मोदक चाळणीवर दहा-बारा मिनिटं वाफवा.

आरती रात्री दहाच्या आत. शेजाऱ्यांच्या दारावर आदल्या दिवशी एक चिठ्ठी लावा आणि मोदकाला बोलवा. बोलावलेला शेजारी तक्रार करत नाही.

विसर्जन बादलीत. नदी-तळ्यात काही सोडायला तिथे परवानगी लागते. मातीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबते आणि दुरुस्तीचं बिल येतं. वरचं पाणी कुंडीला घाला, गाळ फडक्यात बांधून वाळवा. पुढच्या वर्षी त्याच मातीचा गणपती करता येतो.

देऊळ आणि माणसं

जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या हिंदू देवळांपैकी एक हाम शहरात आहे, श्री कामाक्षी अंबाळचं, २००२ साली प्रतिष्ठा झालेलं. ते श्रीलंकेतून आलेल्या तमिळ कुटुंबांनी उभं केलं. हाम्बुर्ग, फ्रांकफुर्टकडे अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदूंचीही देवळं आहेत. विठ्ठल मंदिरातल्या काकड्याची सवय असलेल्याला तिथली पद्धत परकी वाटेल. बूट बाहेर, हात जोडून एका बाजूला उभे राहा, प्रसाद घ्या, आणि सेवेला माणूस हवा आहे का ते विचारा. महिन्यातून एकदा भांडी घासायला गेलेला विद्यार्थी त्या गावात एकटा राहत नाही.

नवरात्रात बडोद्याची मुलं सगळीकडे हवी असतात. गरबा बहुतेक शनिवारी होतो, आयोजक गुजराती विद्यार्थी असतात, आणि तुम्हाला भाषा आणि ठेका दोन्ही येतात.

जे प्रश्न येतील

जर्मन वर्गमित्र धर्माबद्दल सहसा विचारत नाहीत. ती खासगी बाब मानतात. विचारणारे बहुधा इतर देशांतले विद्यार्थी असतात, आणि सरळ विचारतात: इतके देव का, मूर्ती का, जात अजून आहे का? जातीच्या प्रश्नाला ‘आता काही उरलेलं नाही’ असं उत्तर देऊ नका, ते खरं नाही. आपल्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला शिकायला गेले, आणि परतून बडोद्याच्या नोकरीत आल्यावर याच शहरात त्यांना अस्पृश्य म्हणून राहायला घर मिळालं नाही. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत. सांगायच्या तर दोन्ही सांगाव्यात. मूर्तीबद्दल जेवढं स्वतःला उमगलं आहे तेवढंच बोला. ‘मला ठाऊक नाही, घरी विचारून सांगतो’ हे उत्तर लोक मान देऊन ऐकतात.

आतून येणारे प्रश्न जास्त अवघड असतात. नेम मोडला, नैवेद्य राहिला, नकळत मांसाचा रस्सा पोटात गेला, आता काय? पूजेच्या विधीतच याची सोय आहे. वस्त्र नसेल तर गुरुजी ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’ म्हणून अक्षता वाहायला सांगतात. दूर्वा नाहीत, फूल नाही, तर अक्षता. तेही नसेल तर मानसपूजा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी समुद्र ओलांडला म्हणून परतल्यावर प्रायश्चित्त घ्यायला लावत. आज तीच घरं मुलाला ओवाळून विमानतळावर पोचवतात. नियम बदलले आणि श्रद्धा राहिली. तेव्हा चुकून खाल्लं तर आंघोळ करा, देवाला नमस्कार करा आणि पुढच्या वेळी पाटी नीट वाचा. उपाशी राहून स्वतःला शिक्षा करू नका.

हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे उठवत नसेल, रडू येत असेल, पूजेतही मन लागत नसेल, तर तो श्रद्धेचा कमीपणा समजू नका. विद्यार्थी सेवा संस्थेकडे मानसिक समुपदेशन असतं, बहुतेक ठिकाणी मोफत. वेळ मिळायला काही आठवडे लागतात, म्हणून लवकर नाव नोंदवा.

सुतक, आणि अचानक यावं लागलं तर

निघण्याआधी घरच्यांशी स्पष्ट बोलून ठेवा: काही झालं तर परीक्षेचा विचार न करता लगेच कळवायचं. लपवलेली बातमी नंतर कळते तेव्हा विश्वास तुटतो, आणि दुःख करायची वेळही निघून गेलेली असते.

दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर उरलेले दिवस सुतक पाळतात. दहा दिवसांनंतर कळली तर नियम नात्याप्रमाणे बदलतो, गुरुजींना विचारा. त्या दिवसांत देवपूजा आणि नैवेद्य थांबवायचा. अभ्यास, प्रयोगशाळा, स्वयंपाक थांबवावा लागत नाही. परीक्षा द्यायची ताकद नसेल तर आधी परीक्षा कार्यालयाला ई-मेल करा आणि कोणते कागद लागतील ते विचारा. न कळवता गैरहजर राहिलात तर नापास धरू शकतात.

जर्मनीहून बडोद्याला थेट विमान नाही. मुंबई, दिल्ली किंवा अहमदाबादमार्गे यायचं म्हटलं तर तिकीट मिळाल्यापासून घरी पोचायला एक दिवस धरा. अंत्यसंस्काराला पोचणं बहुतेकदा शक्य होत नाही. अशा वेळी दहाव्या-तेराव्याला पोचण्याचा बेत करावा. येणं जमलंच नाही तर बडोद्यात सकाळी ८ ला सुरू होणारा दहावा तिथे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला, हिवाळ्यात साडेतीनला असतो. फोन स्टँडवर लावायची जबाबदारी घाटावर जाणाऱ्या एका चुलत भावाला आदल्या दिवशीच द्या, आणि तुम्ही तिथे आंघोळ करून, एका मित्राला शेजारी बसवून तो बघा. एकट्याने बघू नका.

तिकीट काढण्याआधी राहण्याच्या परवान्याची तारीख बघा. ती संपली असेल आणि नवीन परवान्याचा अर्ज चालू असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं तात्पुरतं प्रमाणपत्र, ‘फिक्शन्सबेशाइनिगुंग’, जवळ हवं. त्याचे प्रकार असतात आणि सगळ्यांवर परत येता येत नाही. चालू परवान्याच्या मुदतवाढीसाठी वेळेत अर्ज केला असेल तर मिळणारा प्रकार चालतो. म्हणून परवाना संपायच्या दोन-तीन महिने आधीच अर्ज करून ठेवा, आणि त्या प्रमाणपत्राची प्रत पासपोर्टबरोबर एकाच पाकिटात ठेवा.